नकाशातली मोकळी जागा

थोरल्याला हल्ली घरात शिरायला पुढचं दार चालेनासं झालं होतं. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, बाहेर छाती काढून फिरणारा गडी, पण घरी यायचा तो मागच्या दारानं, मांजरासारखा. ताटात तोंड खुपसून जेवायचा. आईनं काही विचारायला तोंड उघडलं, की हा हात धुवायला उठलाच.

म्हातारीनं सुनेला गाठलं. ती ओट्यावर फाटकं जाळं विणत बसली होती.

"काय दिवे लावलेत गं तुझ्या नवऱ्यानं?"

"मला नका विचारू, आई."

"मग काय त्या जाळ्याला विचारू?"

सुनेनं सुई खाली ठेवली. सरकार समुद्राचा नकाशा बनवतंय, म्हणाली. मासेमारी कुठं, जहाजं कुठून, वाळू कुठं उपसायची, सगळं ठरतंय. खडकापलीकडच्या पाण्यात तुम्ही काय करता, असं सभेत विचारलं. हे म्हणाले, काही नाही. मग तिथं वाळू उपसायची ठरली.

त्या पाण्यात म्हातारीचा नवरा होता. फार वर्षांपूर्वी वादळात तिथं बुडालेल्या होड्यांतलं एकही माणूस परत मिळालं नव्हतं. तेव्हापासून तिथं कुणी जाळं टाकत नसे. तिथून जाताना इंजिन बंद करायचं, गुमान वल्ही मारायची आणि किनाऱ्यावर त्या पाण्याचा विषयही काढायचा नाही. लहानपणी थोरल्यानं एकदा काढला होता, तर तिनंच त्याच्या थोबाडीत ठेवून दिली होती.

पुढच्या सभेला ती स्वतः जाऊन बसली. टेबलावर रंगीत नकाशा पसरला होता. नकाशावाल्या बाईंनी तिला खुर्ची दिली.

"आजी, तिथं काही खूण आहे? काही बांधलेलं?"

"नाही."

"मग तिथं तुम्ही करता काय?"

"इंजिन बंद करतो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारी वळली.

"दात काय काढतोस मेल्या? तुझा आजा आहे तिथं. माझा नवरा आहे. दीर आहे."

इतक्या वर्षांत हे चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर तिनं हात पदराखाली घेतले.

बाईंनी पेन उचललं. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आजी. पण जागा मोकळी आहे असं सोसायटीनं कळवलंय. अध्यक्षांनी आत्ता ते मागं घेतलं, तर वाळूचं काम मी तिथून हलवायला लावते. एकट्या तुमच्या शब्दावर मला ते जमणार नाही."

सगळ्यांच्या माना थोरल्याकडं वळल्या. तो अर्धवट उठला.

"आई, तूच मारून शिकवलंस ना, बोलायचं नाही म्हणून? पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरंच तोंडातून शब्द फुटला नाही."

"आणि नंतर?"

तो खाली बघायला लागला. "नंतर वाळूवाले म्हणाले, होड्या लावायला धक्का बांधून देतो. पक्का. पोरांना चिखलातून होड्या ओढाव्या लागणार नाहीत. मग... मग मीच फुटू दिला नाही."

"आता फुटू दे. बाई थांबल्यात."

थोरल्यानं एकदा नकाशाकडं पाहिलं, एकदा मागं बसलेल्या पोरांकडं, आणि खाली बसला. बाई जरा वेळ थांबल्या, मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

म्हातारी उठली. त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"मारलं ते मी. ते पाप माझ्या माथी. पण धक्का तुझा. त्याच वाळूचा बांधतील तो. चालशील तेव्हा बघून पाय टाक, बाप आहे तुझा खाली."