अर्थिंग

राकेशनं फ्रीज आडवा होऊ दिला नाही. भिवंडीतून निघाल्यापासून तो टेम्पोच्या मागं उभाच होता, एक हात खोक्याभोवती, दुसरा वरच्या दांडीला. फ्रीज कमरेइतकाच उंच. आडवा टाकला असता तर त्यालाही बसायला जागा झाली असती.

"अरे भाई, छोटा सा तो है. लिटा दे ना," टेम्पोवाला दुसऱ्यांदा ओरडला.

"नहीं लिटाते. कंप्रेसर का तेल पाइप में चढ़ता है," राकेश म्हणाला आणि पकड आणखी घट्ट केली.

अंजूरकडं वळल्यावर दोन्ही बाजूंनी गोदामांचे पत्रे सुरू झाले. मागच्या वेळी तो इथून गेला तेव्हा इथं भातखाचरं होती. त्याला सहा वर्षं झाली होती. सकाळी दुकानात पंढरीशेठनं डिलिव्हरीची चिठ्ठी पुढं केली आणि त्यावरचं नाव त्यानं दोनदा वाचलं. केसरीनाथ, अंजूर, तळ्याजवळ. 'दुसऱ्या कुणाला पाठवा,' एवढंच म्हणायचं होतं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सहा वर्षांपूर्वी या घरात त्यानंच मोठा फ्रीज बसवला होता. त्यानंतर आठव्या महिन्यात घरातली सून, भाविका, लादी पुसताना फ्रीजला हात लागून जागेवर गेली. उंदरानं वायर कुरतडली, असं कागदावर आलं. दुकानात दोन दिवस चर्चा झाली आणि थांबली. राकेश मात्र तेव्हापासून कुठल्याही घरातून निघताना हाताची मागची बाजू फ्रीजला लावून बघायचा. दारापर्यंत जायचा आणि परत येऊन पुन्हा बघायचा. स्वतःच्या घरी बायकोनं, धम्मदिनानं, लादी पुसायला फडकं भिजवलं की तो उठून फ्रीजचा प्लग काढायचा. तिनं सुरुवातीला कारण विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

दारात एक म्हातारी बाई उभी होती. केसरीनाथांची बायको. सगळे तिला आक्का म्हणत. मागं खुर्चीत केसरीनाथ, पाय सुजलेले, हातात वर्तमानपत्र. दोघांनी त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं. मोठा फ्रीज बसवला त्या दिवशी घरातली माणसं हळदीला गेली होती. या घरात राकेशचा चेहरा बघितलेली एकच व्यक्ती होती.

"आत आन," आक्का म्हणाली. "पन थांब. ह्या घाल पायान."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी रबरी चपलांची रांग होती. दोन मोठे जोड, एक बायकी, एक लहान मुलीचा गुलाबी. चपला झिजलेल्या होत्या, पण धुऊन स्वच्छ ठेवलेल्या. आक्कानं पुढं केलेला जोड राकेशनं घातला. तो त्याला आखूड होता.

आत डाव्या हाताचा कोपरा मोकळा होता. घर भरलेलं. तांदळाचे डबे, सुक्या बोंबलांची पाटी, पाण्याचे हंडे, सगळं एकमेकांना खेटून. आणि त्या कोपऱ्यात काही नाही. भिंतीवर उभा चौकोन बाकीच्या रंगाहून पांढरा. आक्का ओट्याकडं गेली तेव्हा राकेशच्या लक्षात आलं की ती सरळ गेली नाही. कोपऱ्यापासून हातभर लांबून, वळसा घालून गेली. तिचं तिलाही ते कळलं नसावं.

"इथं ठेवला तर चालेल ना, दादा?" याच कोपऱ्याकडं बोट दाखवून भाविकानं विचारलं होतं. साडीचा पदर खोचलेला, हाताला पीठ. आणि तो म्हणाला होता, "चालेल."

"कुटं ठेवतंस?" आक्का विचारत होती.

"तुम्ही सांगा, आक्का."

"मना तं घरान आनायाचाच नव्हता. डॉक्टर बोलतंय, इन्सुलिन थंड ठेवलाच पायजे. शेजारी रंगूबाईचे फ्रीजान ठेवायचो. त्यांनी जागा इकली, कल्यानला गेली ती." मग तिनं हनुवटीनंच समोरची भिंत दाखवली. "त्या कोपऱ्यान नको. हिकडं."

ती जागा गॅसपासून लांब होती, ऊनही येत नव्हतं. राकेशनं फ्रीज उभाच खोक्यातून काढला, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवला, पुढच्या पायांचे स्क्रू फिरवून डुगडुग घालवली. मग बल्बचा होल्डर आणि दोन वायरी काढून भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातल्या. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लागला. फेज आणि अर्थिंग, बल्ब लागला नाही.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. सहा वर्षांपूर्वीही नेमकं हेच केलं होतं. हाच बल्ब लागला नव्हता. त्यानं वायरी गुंडाळून पिशवीत टाकल्या होत्या.

"काय झाला?" बाहेरून केसरीनाथांचा आवाज आला.

"काका, घराला अर्थिंग नाही. गळलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. आधी ते करावं लागेल. त्याशिवाय मी चालू करणार नाही."

"मंग कर."

घरामागं, न्हाणीच्या भिंतीलगत ओल होती. राकेशनं पहार मागून घेतली आणि खणायला लागला. पाइप, तांब्याची वायर, मिठाची गोण, कोळसा, सगळं तो टेम्पोतून घेऊन आला होता. दुकानाच्या चिठ्ठीत यातलं काही नव्हतं. केसरीनाथ काठी टेकत आले आणि न्हाणीच्या दगडावर बसून बघत राहिले. छातीइतकं खोल गेल्यावर काळी, खारट वासाची माती लागली. खाडी इथून फार लांब नव्हती. राकेशनं पाइप उभा केला आणि भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ असं भरायला घेतलं.

"प्रितम, आमचा पोरगा, कोन गावान असतो आता," केसरीनाथ म्हणाले. "गोदामान सुपरवायजर हाय. त्याची पोरगी उन्नती आमच्यापाशी ऱ्हाते. नऊ वर्सांची. त्याला हे घर बघवत न्हाय."

राकेश मीठ पसरत राहिला.

"तुना सांगलं असल दुकानान. आमचे सुनेचा."

"हो."

"उंदीर बोलले सगले. उंदीर नव्हता." म्हाताऱ्यानं काठीचं टोक मातीत रुतवलं. "सॉकेट ढिला झालेला. नवा आनायचा मी कंटाला केला. घरान दोन पिनांचा जुना बोर्ड पडलेला, तोच लावला. फ्रीजचे प्लगची तिसरी पिन त्याच्यान जाय ना. मी आरीचे पात्यानं ती कापली. माझ्या ह्या हातानं. आठ दिवसांनी भाविका गेली."

भिंतीपलीकडं कुठंतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता.

"पाच वर्सं कोनाला बोललो न्हाय. आक्कालापन न्हाय. तू खड्डा खनतंस, कोन कुठला, म्हून तुना बोललो." त्यांनी डोळे वर केले. "पिन ऱ्हायली असती तं वाचली असती ना ती?"

राकेशच्या हातात कोळशाची पाटी होती. 'उंदीरच होता काका, मनाला लावून घेऊ नका,' एवढं म्हणून पुढचा थर भरता आला असता. म्हातारा आज ना उद्या जाणार होता, आपलं ओझं आपल्याबरोबर घेऊन. कुणाला काही कळलं नसतं. पाटी त्यानं खाली ठेवली.

"नसती वाचली."

"तुना कसं ठाव?"

"पिन होती तरी तिला जोडायला काही नव्हतं, काका. घराला अर्थिंगच नव्हतं. तुम्ही कापायच्या आधीही नव्हतं." राकेशनं हातावरचा कोळसा झटकला. "तो फ्रीज मीच बसवला होता. तेव्हाही बल्ब लावून बघितला. लागला नाही. मला समजलं होतं."

केसरीनाथ त्याच्याकडं बघत राहिले. आधी काही समजलं नाही असं, मग हळूहळू समजत गेल्यासारखं.

"मंग तवा का न्हाय बोललास?"

राकेशनं या प्रश्नाची उत्तरं वर्षानुवर्षं रचली होती. सगळेच तसं करतात. शेठ डिलिव्हरीत वायरिंग बघायला सांगत नाही. बोललो असतो तरी कुणी ऐकलं असतं का. त्यातलं एकही आता तोंडात आलं नाही.

"टेम्पोत आणखी चार फ्रीज पोचवायचे होते," तो म्हणाला.

म्हातारा काठीवर जोर देऊन उठला. काहीतरी बोलेल, मारेलही, असं वाटून राकेश खड्ड्याच्या काठाशी स्तब्ध उभा राहिला. केसरीनाथ वळले आणि भिंतीला हात लावत घरात गेले.

राकेशनं काम सोडलं नाही. उरलेले थर भरले, माती दाबली, पाइपात चार बादल्या पाणी ओतलं. वायर भिंतीवरून आत नेली, बोर्डापर्यंत. कुणी चहाला हाक मारली नाही. आतून आधी केसरीनाथांचा आवाज येत होता, हळू, तुटक. मग तोही थांबला. केसरीनाथ परत परसात जाऊन बसले. पुन्हा बल्ब लावला तेव्हा फेज आणि अर्थिंगवर तो लख्ख पेटला. बोर्डाशेजारी त्यानं ईएलसीबी बसवला, शॉकच्या वेळी क्षणात लाइन तोडणारा स्विच. त्याचं टेस्टचं बटण दाबलं. घरातला पंखा थांबला. स्विच परत वर केला, पंखा फिरला.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून, ते त्याला कळलं नाही.

"झाला?"

"झालं, आक्का. ओल्या हातानं उघडायचा नाही, ते आहेच. पुसायचा असेल तर आधी प्लग काढायचा. इन्सुलिन मधल्या खणात ठेवा, मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका, गोठतं. एक्स्टेन्शनवर कधी लावू नका."

तिनं त्यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. ती आत आली आणि ओट्याला टेकली.

"आता आत येऊन बोलले मना. पिन मी कापली बोलले. रडले." तिचे डोळे कोरडे होते. "मना पयल्या दिसापास्ना ठाव हाय. तिला नेली, मंग मी तो कोपरा झाडला. पितलेचा तुकडा गावला. मी खाडीन टाकला."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलनार? बोलले असते तं त्यांनी जीव दिला असता. पाच वर्सं ताट वाढते त्यांना." तिनं पदराचं टोक हातात धरलं. "तू लाइटवाला हायस, तुना कळल. खरा सांग. त्यांच्यामुलं गेली का ती?"

म्हणजे केसरीनाथांनी आपलं तेवढंच सांगितलं होतं. राकेशचं नाव घेतलं नव्हतं. राकेशला परसात बसलेल्या म्हाताऱ्याची पाठ खिडकीतून दिसत होती. म्हाताऱ्यानं ते का केलं असावं, हे समजून घ्यायला वेळ नव्हता. आक्का वाट बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. उभ्यानंच. भाविकाच्या हाताला पीठ होतं, हेही. तिनं विचारलं होतं आणि आपण चालेल म्हणालो होतो, हेही. आक्काचा पदर धरलेला हात हळूहळू मुठीसारखा झाला.

"आवो," तिनं खिडकीतून हाक मारली. "आत या."

केसरीनाथ आले.

"ह्यो काय सांगतंय, तुमाला ठाव हाय?"

"हाय."

"मंग मना का न्हाय बोललात?"

म्हाताऱ्यानं राकेशकडं बघितलं नाही. "माझा मी बोललो," तो म्हणाला. "त्याचा त्यानं बोलावा."

तिघं त्या अरुंद जागेत उभे राहिले. मग आक्का पुढं झाली. राकेशनं तोंड उघडायच्या आत तिनं सॉकेटवरचा खटका दाबला. फ्रीज किंचित थरथरला आणि घरघरायला लागला. तो आवाज या घरात बऱ्याच वर्षांनी येत होता. आक्कानं हात उचलला, फ्रीजच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर नेला आणि तिथंच थांबली. मग पूर्ण पंजा टेकवला. तिचे ओठ हलत होते. राकेशला शब्द ऐकू आले नाहीत, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती, एवढं समजलं.

"इन्सुलिन आता ठेवू?" हात न काढता तिनं विचारलं.

"दोन तास रिकामाच चालू द्या. थंड झाला की मग."

"तवर तू थांबशील?"

"थांबतो."

तिनं मान हलवली. क्षमा केल्यासारखी नाही आणि हाकलल्यासारखीही नाही. केसरीनाथ अजून दाराशीच होते.

"त्या खड्ड्याला पानी घालावा लागतो का?"

"लागतं, काका. ओल राहिली पाहिजे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे."

"मी रोज घालीन," केसरीनाथ म्हणाले, आणि हंड्यातून तांब्या भरून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, परसाकडं निघाले.