दात काढलेला हिवताप

बाळंतपणाची रजा संपत आली की आपल्या घराघरांत एक हुकूम विनंतीचं लुगडं नेसून येतो: आता सोड की ती नोकरी! देवळाली प्रवऱ्याला सासरी आलेल्या वृषालीलाही तो ऐकावा लागला. तिचा नवरा नितीन पुण्यात होता आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत ती हिवतापाच्या लसीवर काम करायची. सोमवारी हजर व्हायचं होतं.

सासूबाई, जयमाला, शेडमध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांत लसीचे थेंब टाकत होत्या. तान्ह्या संस्कृतीला खांद्यावर घेऊन वृषाली जवळ उभी होती.

"सून डास पाळती म्हनं तुमची!" शेजारच्या विजयमालाबाई कुंपणापलीकडून हसल्या. "लोक कोंबड्या पाळत्यात, ही डास!"

जयमाला हसल्या नाहीत. "वृषाली, न्हाई जायचं. जित्ते जंतू हाताळायचे आन् त्याच हातानं लेकीला घ्यायचं? आन् लस तरी कसली, रोगच टोचायचा!"

"जंतू जिवंतच असतात आई, पण दुबळे. त्यांची एक-दोन जनुकं आम्ही काढून टाकतो. मग ते माणसाच्या यकृतापर्यंत जातात आणि तिथंच अडकतात. रक्तात उतरत नाहीत, ताप येत नाही. शरीर मात्र त्यांना ओळखायला शिकतं."

"म्हंजे दात काढता व्हय जंतूचे? आन् पुन्हा फुटले तर?"

"तेच तर तपासतोय आम्ही! त्याची खात्री झाल्याशिवाय ती लस कुणालाच द्यायची नाही."

"मग तपासू दे की दुसऱ्या कुनाला."

"नाही!" वृषालीचा आवाज चढला. संस्कृती दचकली, तशी तिच्या पाठीवरून हात फिरवत ती हळू, पण ठाम बोलली, "मी राजीनामा देणार नाही, आई. तुमच्या हातातल्या बाटलीत काय आहे?"

"मानमोडीची लस."

"तिच्यात काय असतं?"

जयमालांनी बाटलीकडे पाहिलं. "डॉक्टर म्हनला हुता… मानमोडीचाच जंतू. जित्ता, पन मवाळ."

"आणि सकाळी पिल्लांना थेंब टाकून तुम्ही हिला घेतलंत."

"हात धुतले हुते मी!"

"मीही धुते, आई!"

जयमालांनी हातातलं पिल्लू अलगद खाली सोडलं.

"मानमोडीनं एकदा आख्खं शेड रिकामं केलं हुतं," त्या म्हणाल्या. "तवापासनं लस नको म्हननाऱ्या कुनाचंच मी ऐकत न्हाई. आन् तुला मात्र आडवत बसले!"

विजयमालाबाईंनी मान वर काढली. "मग पोरीला कोन सांभाळायचं?"

"मी जाते की पुन्याला. कोंबड्या ह्यांनी बघाव्या! जन्मभर नुसती अंडीच खाल्ली त्यांनी."

मैत्रिणींनो, नव्या लसीची भीती वाटणं काही पाप नाही. प्रश्न विचारा, अगदी खडसावून विचारा. पण ज्या मुली त्या प्रश्नांची उत्तरं शोधायला निघाल्यात, त्यांच्या वाटेत त्यांचंच मूल आणून ठेवू नका. ते मूल आपल्या कडेवर घ्या, आणि त्याच्या आईला जाऊ द्या.