पाटीवरची पंधरा मिनिटं

बायको गेल्याचं मिस्त्रींना दुपारी दवाखान्यातून फोनवर कळलं. सकाळी ती स्वतःच्या पायांनी गाडीत चढली होती. चढण्याआधी नेहमीप्रमाणे स्टेशनच्या पाटीवर लिहून गेली होती: 'सकाळची गाडी पंधरा मिनिटं उशिरा.'

स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक बाक. ना मास्तर, ना तिकीटखिडकी. तिकीट गार्ड देतो. मिस्त्रींची बहीण जंक्शनजवळ राहते. तिकडून गाडी सुटली की ती वहिनीला फोन करायची आणि वहिनी पाटी लिहायची. अकरा वर्षांत एक खाडा नाही. तिला कुणी नेमलं नव्हतं, मग काढणार तरी कोण? गाव घड्याळ बघायचं सोडून तिची पाटी बघायचं.

ती गेल्यावर पाटी तशीच राहिली. तिचं अक्षर पुसायला कुणाचा हात धजेना. चार दिवस गाडीही उशिराच आली, कुणाचं काही बिघडलं नाही. पाचव्या दिवशी मात्र वेळेवर आली, आणि पाटीच्या भरवशावर सावकाश निघालेली दूधवाल्याची मुलगी रस्त्यातच राहिली. तिची परीक्षा होती. बापाने स्कूटरवरून कसंबसं पोचवलं.

संध्याकाळी मिस्त्री त्याला म्हणाले, "पाटी खोटी ठरली रे."

"वहिनींची पाटी? छे. गाडीच चुकली असेल," दूधवाला म्हणाला आणि कॅन उचलून चालू लागला.

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. घरी येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला.

"उद्यापासून गाडीचं मला सांगत जा."

"तू लिहिणार, दादा? वहिनी म्हणायची, रंध्यावर हात सोन्याचा आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं."

"कोंबडीचं तर कोंबडीचं. वाचता आलं म्हणजे झालं."



मिस्त्रींनी एका फळीला रंधा मारून तिला काळा रंग दिला. वाळल्यावर ती जुन्या पाटीच्या खाली ठोकली आणि लिहिलं: 'गाडी वेळेवर.' लोक वाचून पाय उचलू लागले. पुढच्या पेपराला निघालेली दूधवाल्याची मुलगी मात्र दोन्ही पाट्यांसमोर थबकली.

"काका, वरची खरी की खालची?"

"खालची."

वरची पुसायला हवी. ती अजून पुसायची राहिली आहे.