वरच्या फळीवरचा चहाचा डबा

मी एक जुना चहाचा डबा आहे. पत्र्याचा, गोल, झाकण जरा घट्ट. मित्रांनो, जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं संपली तेव्हा मुलांनी माझा ढोल केला, मग काही काळ मी बटणं सांभाळली. शेवटी गणिताच्या बाईंनी मला घासूनपुसून माझ्यात चहापूड भरली आणि मी एकदाचा मार्गी लागलो. ओट्यावर शेगडीच्या शेजारी माझी जागा. बसल्या जागी मान मिळत होता, आणखी काय हवं?

मग बाई शाळेच्या जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात काही वर जाईना. मुख्याध्यापक म्हणाले, "सुट्टीनंतर ग्रंथालयात बसा, आराम पडेल." बाई घरी येऊन रडल्या. भूमिती शिकवणाऱ्या बाई त्या! "अर्ध्या फळ्यात माझा त्रिकोण मावायचा नाही," म्हणाल्या.

फिजिओताईंनी व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. सुरुवातीला भारी उत्साह. मग दुखतं म्हणून आज नको, पाहुणे आले म्हणून उद्या. ताईंनी विचारलं की बाई म्हणत, "करते हो रोज." पण हात खोटं बोलेल तर शपथ!

एके दिवशी ताई घरीच आल्या. रागावल्या मुळीच नाहीत. "काकू, काही झालं तरी तुमचं रोज काय चुकत नाही?" एवढंच विचारलं.

"चहा," बाईंचे यजमानच बोलले. "आभाळ कोसळू दे, हिचा चहा चुकायचा नाही."

ताईंनी मला उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. "उजव्याच हाताची बोटं भिंतीवरून चालवत इथवर आणायची, मगच चहा. जमलं की डबा आणखी वरच्या फळीवर. फारच दुखलं तर थांबायचं आणि मला फोन करायचा. आणि काका, तुम्ही डब्याला हात लावायचा नाही."

झकास चाललं होतं. पण मी वरच्या फळीवर चढलो आणि बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. यजमानांचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवसापासून ते लवकर उठून मला गुपचूप ओट्यावर आणून ठेवू लागले. डबा खाली कसा उतरला, हे बाईंनीही विचारलं नाही. दोघंही खूश आणि हात जिथल्या तिथे. मी मनात जळफळत होतो, पण डब्याचं कोण ऐकतं?

पुढच्या तपासणीला ताईंनी हात किती वर जातो ते मोजलं. "काकू, हा तर हललाच नाही. शाळा तर आता उघडेल." दुसऱ्या दिवशी बाईही लवकर उठल्या, आणि मी नेमका यजमानांच्या हातात!

"अहो, ठेवा तो वर."

"अगं, तुला दुखतं. मला बघवत नाही."

"मग फळ्यावर वर कोण लिहिणार? तुम्ही येणार माझ्या वर्गात?"

यजमानांनी मला वर ठेवलं, शेगडीवर आधण ठेवलं आणि हात मागे बांधून बाईंच्या शेजारी उभे राहिले. तेव्हापासून रोज तसंच. पाणी उकळलं की म्हणायचे, "बाईसाहेब, आटतंय हं!" बाई हसत, कण्हत बोटं चालवायच्या.

शाळा उघडली त्या सकाळी मी सगळ्यात वरच्या फळीवर होतो. बोटं आली, माझ्या कडेला लागली आणि मी सुटलो. धाडकन खाली! पूड घरभर आणि माझ्या पोटाला हा एवढा पोचा. यजमान धावले. बाई मात्र हात तसाच वर धरून उभ्या. "अहो, बघितलंत? पोचला हात!"

त्या दिवशी बाईंचा चहा चुकला. बिनचहाच्याच शाळेत गेल्या आणि परतल्या त्या केसांवर, खांद्यावर खडूची भुकटी घेऊन. फळ्यावर अगदी वर लिहिल्याशिवाय ती तिथे पडत नाही, मित्रांनो.

तुमच्याही घरी कुणी हातपाय पुन्हा चालते करत असेल, तर मायेपोटी त्यांचा डबा खाली काढून देऊ नका. आधण ठेवा आणि शेजारी उभे राहा.

यजमान मध्यंतरी हातोडी घेऊन आले होते, माझा पोचा काढायला. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. शोभतो त्याला." मग त्यांनी स्वतःच मला उचललं, उजव्या हाताने, आणि परत वरच्या फळीवर ठेवलं.