टेकडीवरच्या मॅन्सची पाटी

मॅन्स म्हणजे चर्चच्या पाळकाचं घर, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जिवावर काही बेतलं की मॅन्सचं दार वाजवायचं. पण चर्चच्या वरिष्ठांनी टेकडीवरचं ते घर विकलं आणि आमच्या नव्या पाळक शीनाबाईंना बंदरावर, मासे तळणाऱ्याच्या दुकानावरच्या खोल्यांत टाकलं. घर घेणारा लंडनचा पेंडलबरी. वर्षातनं एकदा येणार, अन् दारावरची 'मॅन्स' ही पाटी मात्र हौसेनं ठेवून घेतली मेल्यानं!

हिवाळ्यात म्हाताऱ्या टॉर्क्विलची बायको एल्स्पेट अखेरच्या घटका मोजत होती. घाबरलेल्या माणसाचे पाय सवयीनं जातात. म्हातारा पावसात टेकडी चढला आणि बंद दार ठोकत राहिला. शीनाबाई त्याच्या घराशेजारीच होत्या. त्यांना कळेपर्यंत एल्स्पेट प्रार्थनेवाचून गेली. माझा नुसता तळतळाट झाला.

ईस्टरला पेंडलबरी आला, तशी मी त्याच्या दारात.

"साहेब, पाटी काढा."

"घर नावासकट घेतलंय, बाई. शोभा आहे ती."

"शोभा? बरं, बघा मग."

मी मंडळीतल्या बायकांना कामाला लावलं. सोमवारी इसोबेल दोन्ही भांडखोर सुना घेऊन गेली. "यांचं मिटवा." बेथियानं रडकं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. "बाप्तिस्मा कधी देताय?"

"अहो, मी पाळक नाही!"

"मग मॅन्समध्ये काय करताय?"

आणि चहा प्याल्याशिवाय एकही उठली नाही.

टॉर्क्विलला मात्र मी पाठवलं नव्हतं, देवाशपथ. तो आपणहून गेला. पुढचं मला पेंडलबरीनंच सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, म्हणाला, "त्या दिवशी मी फार ठोकलं. दार कुणी उघडलंच नाही." आणि बसल्या जागी हमसून हमसून रडला.

त्याच दुपारी पेंडलबरी टेकडी उतरला. एका हाताला टॉर्क्विल, दुसऱ्या काखेत पाटी. चेहरा पार उतरलेला.

"बाई, ही कुठं ठोकायची?"

हातोडा माझ्या पिशवीत सोमवारपासून होता. तळणाच्या वासातला तो जिना चढून मी स्वतः पाटी ठोकली. टॉर्क्विलनं ती नीट वाचली, टोपी काढली आणि दार वाजवलं.

शीनाबाईंनी लगेच उघडलं.