तात्यांचं उष्टं

खारीएवढ्या माकडांच्या पिंजऱ्यात आठवड्यात दोघं दगावली, तेव्हा तात्यांनी सगळं खापर उंदरांच्या माथी फोडलं. बावीस वर्षं प्राणिसंग्रहालयात या माकडांचं दाणापाणी बघणारा माणूस. त्यांच्याशी वाद कोण घालणार? ते हात धुऊन उंदरांच्या मागे लागले. बिळं बुजवली, फांद्या उकळत्या पाण्यानं घासल्या, भांडी रोज दोनदा जंतुनाशकात बुडवली.

तरीही तिसरी आजारी पडलीच, आणि ती नेमकी चिमी. आईनं टाकलेलं हे पिल्लू तात्यांनी शर्टाच्या खिशात ठेवून वाढवलेलं. धापा टाकत ती कोपऱ्यात बसली होती, औषधाला तोंड लावेना. तात्यांनी नेहमीचा उपाय केला. केळ्याचा तुकडा आधी स्वतः चावला, उरलेल्यात औषध भरलं आणि पुढे केला. चिमीनं लगेच घेतला.

"आमचं उष्टं लागतं बाईसाहेबांना," चिमीला तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना ते कौतुकानं म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "सगळ्यांनाच असं देता?"

"बुजरी असतात हो. आपण खाल्लेलं बघितलं की विश्वास बसतो."

बाईंनी तिथल्या तिथे त्यांच्या घशातला नमुना घेतला.

दोन दिवसांनी निकाल आला. मेलेल्या माकडांच्या फुप्फुसांत सापडलेला जीवाणूच तात्यांच्या घशात निघाला. "तुम्हाला त्याचा त्रास नाही, पण त्यांना तो झेपत नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या घ्या. मी सांगेपर्यंत इकडे फिरकायचं नाही."

तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. उंदीर बिचारे उगाच बदनाम झाले होते.

"माझ्या हातचं सोडून ती खात नाही. उपाशी मरेल!"

"तुमच्या हातचं खाऊनच आजारी पडली ना?"

बाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी ते वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवशी चिमीनं खरंच काही खाल्लं नाही. ते कळल्यापासून तात्या घरात येरझाऱ्या घालत होते. बायको वैतागली, "बसा हो एका जागी, मला गरगरायला लागलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. "खाल्लं तिनं. औषधासकट."

"कोणाच्या हातून?"

"कोणाच्याच नाही. वाटी ठेवली आणि आम्ही बाजूला झालो."

चिमी जगणार म्हणून तात्यांना आनंद झाला. आपल्यावाचून तिचं अडलं नाही याचं वाईटही वाटलं, आणि मग त्या वाईट वाटण्याची लाज वाटली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"खाल्लं तिनं," तात्या म्हणाले. "मीही वाटीच ठेवायला हवी होती गं. ती दोघं जगली असती."