मावशींची माघार मीच गावभर केली

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. बॅटरीवर चालणारा, हातात धरून बोलायचा. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाई माझ्यातून पहिल्यांदा "हॅलो" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

गल्लीने वर्गणी काढून मला विकत घेतलं आणि टेलरमावशींकडे सांभाळायला दिलं, कारण त्यांचं दुकान नाक्यावर होतं. शिलाई मशीनच्या शेजारी एका खिळ्याला मी लटकायचो. पाणी यायची वेळ झाली की मावशी माझ्यातून ओरडायच्या, "उठा गं बायांनो, भांडी लावा!" कुणाचं पोर हरवलं तरी मीच हाका मारायचो. माझा पट्टा तुटला तेव्हा मावशींनी पँटच्या कापडाचा नवा शिवला. लोक कौतुकाने म्हणायचे, "गल्लीला वाचा फुटली हो!"

मग निवडणूक आली. दुकानदारांना दमदाटी करून हप्ता उकळणारा एक दादा उभा राहिला. त्याच्या विरोधात अर्ज भरायला कुणी धजेना. शेवटी मावशींनीच पदर खोचला. "हप्ता बंद झालाच पाहिजे!" असं त्या माझ्यातून भर चौकात बोलल्या. मी तर नुसता फुशारून गेलो होतो.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुकानासमोर एक मोटार थांबली. त्यातून दप्तर सावरत मावशींची लेक उतरली. मागोमाग दादा उतरला.

"उन्हात चालत येत होती हो पोर. म्हटलं, घरी सोडावी," तो हसत म्हणाला. "रस्ता काय, रोजचाच आहे तिचा."

मावशी तशाच उठून पोलीस चौकीत गेल्या. साहेब म्हणाले, "सुखरूप सोडली ना घरी? मग तक्रार कसली?"

मावशींनी अर्ज मागे घेतला. संध्याकाळी दादाने चौकात माणसं जमवली आणि मला स्वतःच्या हाताने मावशींच्या तोंडापुढे धरलं. त्या पुटपुटल्या, "मी माघार घेतली आहे. माझा दादांना पाठिंबा आहे." माझी बॅटरी आत्ता संपावी असं मला वाटत होतं. पण छे! ते पुटपुटणं मी खणखणीत करून शेवटच्या घरापर्यंत पोचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोर दुसरं कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे मतदान झालंच नाही. दादा बिनविरोध निवडून आला. हप्ता चालूच आहे. आता कुणाला पाणी किती द्यायचं तेही तोच ठरवतो, आणि तक्रार लिहून घेण्याआधी पोलीस त्यालाच विचारतात. मावशी मला खिळ्यावरून काढतच नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

परवा लेकीने विचारलं, "आई, हे सगळं माझ्यामुळे झालं का गं?" मावशी मशीन तेवढं जोरात चालवू लागल्या.

मित्रांनो, मला स्वतःचे शब्द नाहीत. तुम्हीच त्या पोरीला सांगा की चूक तिची नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी प्रत्येक घरातून एकेक अर्ज आला असता, तर दादाने किती लेकी मोटारीतून घरी सोडल्या असत्या?